नऊ नंबरच्या तळ्याचे उगमपत्र

नोव्हेंबर २०४३ मधल्या एका मंगळवारी, सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी आचल मारबते नऊ नंबरच्या काठावर पोहोचली. स्कूटर तिने नेहमीप्रमाणे खाणीच्या जुन्या वजनकाट्याजवळ लावली, गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट चढवले आणि फायबरची छोटी नाव पाण्यात ढकलली. पाण्याचे तापमान वीस अंश भरले. सामू दोन पूर्णांक नऊ, म्हणजे जवळजवळ चिंचेच्या कोळाइतके आंबट. दोरीला बांधलेली काळी-पांढरी तबकडी तिने पाण्यात सोडली. ती साडेसहा मीटर खोल जाईपर्यंत दिसत राहिली. इतके नितळ पाणी पंचक्रोशीत दुसरे नव्हते, कारण ते गढूळ करायला त्यात मासा नव्हता, गोगलगाय नव्हती, शेवाळाचा धागाही नव्हता. तळ्याच्या मध्यावर मोजणीचा तराफा होता. त्याच्या नळीच्या तोंडाशी साचलेला लोहाचा तांबूस थर तिने जुन्या दातघासणीने घासून काढला, वहीत वेळ लिहिली, थर्मासमधला चहा प्याला. पूर्वेच्या काठावर निळ्या ताडपत्र्यांखाली चौदाशे टन चुना रचून ठेवलेला होता. येत्या सोमवारी तो पाण्यात कालवायला सुरुवात व्हायची होती.

सात चाळीसला तिचा फोन वाजला. संदेश तराफ्याचा होता.

‘नमुना ४११६. रोटिफर. राज्य नोंदवहीत जुळणी नाही. देशाच्या व जगाच्या नोंदवहीत जुळणी नाही. या जलाशयाच्या पाण्यात बदल करण्यास आजपासून स्थगिती.’

आचलने तो तीनदा वाचला. रोटिफर तिला नवे नव्हते. चंद्रपूरच्या विद्यापीठ केंद्रात सहायक म्हणून लागल्यापासून गेली चार वर्षे ती हेच प्राणी सूक्ष्मदर्शकाखाली मोजत होती आणि दर महिन्याच्या तक्त्यात त्यांच्यासमोर एका सर्वत्र आढळणाऱ्या जातीचे नाव लिहीत होती. चार वर्षे आपण नेमके काय पाहत होतो, हे तिला एकाएकी कळेनासे झाले.

नऊ नंबर ही दगडी कोळशाची उघडी खाण. गंधक आणि लोह असलेला खडक लाखो वर्षे जमिनीखाली निवांत असतो. खाणीसाठी तो उकरला की त्याला हवा आणि पाणी मिळते आणि गंधकाचे आम्ल तयार होऊ लागते. खाण २०१६ साली बंद झाली, पंप थांबले, खड्डा पाण्याने भरला आणि भरता भरता आंबला. अशा पाण्यात जिवंत राहायचे तर पेशीत शिरणारे आम्ल अहोरात्र बाहेर उपसत राहावे लागते. बहुतेकांना ते परवडत नाही. ज्यांना परवडते त्यांत रोटिफर आहेत. तांदळाच्या कणीला तीस ठिकाणी कापले तर एक तुकडा जेवढा होईल, तेवढा हा प्राणी. पण त्याला तोंड आहे, जबडा आहे, पोट आहे. डोक्यावर बारीक केसांचे कडे असते आणि ते केस अशा लयीत हलतात की दोन चाके फिरत असल्यासारखे वाटते. एरवी सगळ्या माद्याच असतात आणि आपल्यासारख्याच मुली जन्माला घालतात. हवामान बिघडले की मात्र नर जन्मतात, मीलन होते आणि जाड कवचाची अंडी तळाच्या गाळात जाऊन बसतात. तशी ती पन्नास वर्षेही निजून राहू शकतात.

डोळ्याला सारखे दिसणारे प्राणी आतून वेगळे असू शकतात, हे पाठ्यपुस्तकात होते. ते वेगळेपण जागच्या जागी वाचणारा तराफा मात्र पाच वर्षांपूर्वी आला. तो दर तासाला वीस लिटर पाणी ओढतो, केसाएवढ्या काचनळीतून सोडतो, प्रत्येक कणाचे छायाचित्र घेतो आणि त्यातला प्राणी वेगळा काढून त्याची जनुके वाचतो. त्याच्यामागून जलजीव नोंद कायदा आला: कोणत्याही जलाशयाच्या पाण्यात बदल करण्यापूर्वी एक महिना तराफा ठेवायचा, आणि जगात इतरत्र न सापडलेला प्राणी मिळाला तर काम आपोआप थांबायचे. त्यासाठी कुणाची सही लागत नव्हती.

आचल आपल्या गावी, कोसंब्यात पोहोचली तेव्हा स्थगितीची सूचना तिच्याआधीच ग्रामपंचायतीच्या फलकावर आणि घराघरातल्या फोनवर पोहोचली होती. ‘दुर्मीळ प्राणी आढळल्याने नऊ नंबर जलाशय परिसरात कोणतेही काम करू नये,’ असे सूचनेत लिहिले होते. परिणामी मच्छीमार सोसायटीच्या शेडसमोर पंधरा-वीस माणसे काठ्या घेऊन उभी होती.

“पट्ट्याचा हाय का बिबट?” सोसायटीच्या सचिव गोपिका नान्हे यांनी आचलला स्कूटरवरून उतरूही दिले नाही. “तू सकाळी एकटीच गेलती म्हन्तेत. पाह्यला का?”

“वाघ नाही, काकू.”

“मंग कोनता प्रानी?”

“पाण्यातला आहे. बारीक. नुसत्या डोळ्यानं दिसत नाही.”

गोपिकाकाकूंनी काठी खाली ठेवली. “दिसत नाई,” त्या म्हणाल्या. “जे दिसत नाई, त्याच्यासाठी चौदाशे टन चुना थांबला?”

“चावते का?” मागून कुणीतरी विचारले.

“आमाले तं चावलाच ना बाप्पा,” काकू म्हणाल्या. 

खाण सुरू झाली तेव्हा कोसंब्याचा मोठा तलाव तिच्या पोटात गेला होता. तलावावर एक्केचाळीस धीवर घरे जगत होती. २०२४ साली त्यांना बदली पाणी म्हणून कागदावर नऊ नंबर मिळाले. त्याच आठवड्यात सोसायटीने त्यात बोटुकली सोडली. बोटाएवढी पिल्ले दुपारपर्यंत पांढरी पडून तरंगली. तेव्हापासून ही घरे दुसऱ्यांचे मासे विकत होती, नाहीतर वीटभट्टीवर जात होती. पाणी चुन्याने गोड करून मिळावे म्हणून एकोणीस वर्षे अर्ज केले, आणि चुना आला तो या वर्षी. यंदा वापरला गेला नाही तर तो यादीतल्या पुढच्या खाणीकडे जाणार होता.

आचलचे वडील केवळराम मारबते शेडच्या खांबाला टेकून बसले होते. ते सोसायटीचे अध्यक्ष. सदुसष्ट वर्षांचे, दोन्ही हातांवर जाळ्याच्या दोरीचे जुने वळ. ते सगळ्यांच्या नंतर बोलले.

“तुह्याच मशीननं सांगतलं ना हे?”

“माझं नाही, बाबा. सरकारचं.”

“दातघासनीनं घासत तं तूच राह्यते,” ते म्हणाले.

चंद्रपूरला केंद्रप्रमुख डॉ. शर्वरी टेंभेकर तिची वाटच पाहत होत्या. त्यांनी पडद्यावर तराफ्याची छायाचित्रे लावून ठेवली होती.

“आचल, बस. तू चार वर्षं हिला बघतेयस आणि आपण दोघींनीही हिला ओळखलं नाही.” त्या नव्या प्राण्याला ‘ही’ म्हणत होत्या. “दोन पूर्णांक नऊच्या पाण्यात ज्या वेगाने ही वाढते, तसा वेग मी कुठल्याच शोधनिबंधात पाहिलेला नाही. आता उगमपत्र.”

उगमपत्र तीस दिवसांत भरून पाठवायचे होते, आणि ते स्थानिक निरीक्षकानेच भरावे असा नियम होता. नऊ नंबरची स्थानिक निरीक्षक आचल होती. मुख्य प्रश्न एकच: हा प्राणी या पाण्यात कसा आला? ‘नैसर्गिक’ अशी खूण केली तर स्थगिती कायमची. ‘मानवाने आणलेला’ म्हटले तर स्थगिती उठणार आणि चुना पडणार. ‘अस्पष्ट’ म्हटले तर सात वर्षे काहीही करायचे नाही, सात वर्षांनी पुन्हा तपासणी.

“साधं आहे,” टेंभेकर मॅडम म्हणाल्या. “आणेल कोण? त्या पाण्यात हात घालायलाही कोणी जात नाही.”

आचलने मान हलवली, आणि मान हलवता हलवताच तिला घागर आठवली.

धीवरांच्या इतर घरांत हा रिवाज होता की नाही, तिला ठाऊक नव्हते. मारबत्यांच्या घरात होता. नवे पाणी ताब्यात आले की जुन्या पाण्याची एक घागर त्यात ओतायची. पाणी पाण्याला दाखवायचे. एकदा दाखवले की झाले. पण नऊ नंबर जुमानेना, तेव्हा केवळरामांनी तो रिवाज पुढेही चालू ठेवला. दर अमावस्येला गावच्या बोडीतून, म्हणजे त्या उरलेल्या एवढ्याशा तळ्यातून, ते एक घागर भरत, डोक्यावर घेऊन दोन किलोमीटर चालत आणि खाणीच्या उताराशी ओतत. लोक हसत. पंधरा वर्षांची असताना आचल त्यांच्याबरोबर जात असे. बाबा घागर वरवर बुडवत नाहीत, तळाला टेकवून गाळासकट भरतात, हे तिने तेव्हाच पाहिले होते आणि विचारलेही होते.

“वरचं पानी पाव्हनं असते,” ते म्हणाले होते. “आज हाय, उद्या उडून गेलं. खालचं घरचं.”

गाळात निजलेली अंडी असतात, हे त्यांना माहीत असण्याचे काही कारण नव्हते.

दुसऱ्या दिवशी आचल कुणालाही न सांगता बोडीच्या तळातला मूठभर गाळ घेऊन आली आणि प्रयोगशाळेच्या वाचकयंत्रात घातला. बोडीतले रोटिफर नोंदवहीत होते. साधे, गोड्या पाण्यातले. नऊ नंबरच्या प्राण्याशी त्यांची तुलना करायला यंत्राला दोन तास लागले. पाचशे खुणांपैकी तीनशे चार जुळल्या.

म्हणजे बाबांनीच. तिला पहिल्यांदा हसू आले. दर अमावस्येला बोडीतले हजारो जीव त्या आंबट पाण्यात पडून मेले असतील. कधीतरी एखादा मेला नसेल. कुठल्याही प्रयोगशाळेने इतक्या चिकाटीने हा प्रयोग केला नसता. आणि ज्या माणसाने पाणी जिवंत व्हावे म्हणून हे केले, त्याच्याच पाण्यात मासा येण्याची वाट त्यातून निघालेल्या जिवाने अडवली होती. नंतर तिच्या ध्यानात आले की हीच तर सुटका आहे. ‘मानवाने आणलेला’. ते खरे होते, त्याला साक्ष होती, आणि चुना पडणार होता.

पण उरलेल्या एकशे शहाण्णव खुणा कुणाच्या, हा प्रश्न तिला सोडेना.

तिसऱ्या आठवड्यात तिने तळ्याच्या सर्वांत खोल जागी नळी ठोकून गाळाचा उभा गाभा काढला. नऊ नंबरच्या तळाशी गाळ ढवळणारे किडे जवळजवळ नव्हते, त्यामुळे थर वहीच्या पानांसारखे राहिले होते: पावसाळ्याचा तांबूस, उन्हाळ्याचा करडा, पुन्हा तांबूस. सत्तावीस जोड्या. वरून एकोणीस मोजल्या की २०२४ साल येत होते, पहिल्या घागरीचे. त्याखालच्या आठ जोड्या तिने वेगळ्या कापल्या, आंबट पाण्यात उजेडाखाली ठेवल्या आणि वाट पाहिली.

सहाव्या दिवशी चौदा अंड्यांपैकी अकरांतून जीव बाहेर आले.

ते अकरा प्राणी बोडीतले नव्हते. नोंदवहीत कुठेच नव्हते. ते आंबट पाण्यात जगत होते, पण रडतखडत. आठवड्यात कशीबशी एक पिढी. आणि वरच्या प्राण्याच्या उरलेल्या एकशे शहाण्णव खुणा त्यांच्याशी जुळत होत्या. बाबांच्या घागरीआधीपासून तिथे कुणीतरी होते. पाखरांच्या पायांना चिकटून आलेले, वाऱ्याबरोबर आलेले, की खडकाच्या फटीतल्या पाण्यात आधीपासूनच असलेले, ते कळायला मार्ग नव्हता. घागरीतून आलेल्यांचा त्यांच्याशी संकर झाला होता, आणि आज तराफ्याला सापडत होती ती त्या दोघांची संतती.

आचलने उगमपत्राचा फॉर्म उघडला. तीन चौकटी. ‘दोन्ही’ अशी चौकट नव्हती. तिने फॉर्म बंद केला, हात धुतले, पुन्हा उघडला. आईच्या जातीवरून मूल इथले की बाहेरचे ठरवायचे, की बापाच्या? की ते जन्मले त्या पाण्यावरून? विज्ञानाच्या प्रश्नाला विज्ञानाचेच उत्तर असते असे ती शिकली होती. इथे सगळी मापे हातात होती आणि उत्तर कुठे ठेवायचे, तेच कळत नव्हते.

रविवारी सकाळी केवळराम केंद्रात आले. बसने, पांढरा सदरा घालून. मुलीच्या कामाच्या जागी ते कधीच आले नव्हते.

“दाखव,” ते म्हणाले.

तिने थेंब काचेवर घेतला, भिंग जुळवले. त्यांनी आधी चुकीचा डोळा मिटला, मग दोन्ही मिटले, मग त्यांना दिसले. 

“डोक्यावर चरखा हाय काय याच्या?”

“केस आहेत. त्यांनी अन्न ओढून घेते.”

“आन हे मांगं लोंबते ते?”

“अंडं.”

“हे तं जिऱ्यांचं खाद्य हाय वं,” ते एकदम म्हणाले. नुकत्या जन्मलेल्या माशांना ते जिरे म्हणत. “बोडीत जिरे सोडले का पयल्या चार दिवसांत हेच खातेत. आमी म्हनतो, पानी पिकलं. पानी पिकल्याबिगर जिरे सोडाचे नाई. असं असते होय ते पिकलेलं पानी!”

“हो, बाबा.”

“मंग हे माह्या बोडीचं हाय.”

“अर्धं.”

त्यांनी भिंगावरून डोळा काढला. “अर्धं म्हन्जे?”

तिने सांगितले: थर, आठ वर्षे, अकरा प्राणी. शक्य तितके सोपे करून. त्यांनी मधे एकच प्रश्न विचारला आणि तो तिने अपेक्षिलेला नव्हता.

“म्हन्जे मी घागर घेऊन गेलो, तवा ते पानी मेलेलं नोयतं?”

“नव्हतं.”

“काहीतरी होतंच.”

“होतं. थोडं.”

ते खुर्चीत बसले. “एवढे वर्स मले वाटे, मी मढ्याच्या तोंडात पानी घालून राह्यलो.” त्यांनी चेहऱ्यावरून हात फिरवला. दुखावले होते की सुखावले होते, हे तिला ओळखता आले नाही, कदाचित त्यांनाही. मग त्यांचा आवाज सोसायटीच्या अध्यक्षाचा झाला. “लिव ना मंग. केवळराम मारबतेनं टाकले म्हनून लिव. खोटं हाय का?”

“खोटं नाही. पुरं नाही.”

“ते खालचे अकरा कोनाले माहीत हायेत?”

“मला.”

“तुह्या मॅडमले?”

“अजून नाही.”

“अर्ध्या खऱ्यावर एक्केचाळीस घरं जेवतीन, आचल. पुऱ्या खऱ्यावर कोन जेवनार हाय?”

 त्यांनी उत्तराची वाट पाहिली नाही. जाताना त्यांनी दारातून वळून सूक्ष्मदर्शकाकडे एकदा पाहिले आणि म्हणाले, “लाइट बंद कर त्याच्यावरचा. तापून मरन.”

सोमवारी तिने टेंभेकर मॅडमना सगळे सांगितले, गाभा आणि घागर दोन्ही. मॅडमनी थरांची छायाचित्रे पुन्हा पुन्हा पाहिली. त्यांचे डोळे भरून आले होते.

“ही अकरा म्हणजे पुरावा आहे. नैसर्गिक. तू बिनदिक्कत लिही.”

“आणि घागर, मॅडम?”

“घागर ऐकीव गोष्ट आहे. एका वृद्ध माणसाची आठवण. तिला शास्त्रीय आधार काय?”

“तीनशे चार खुणा.”

मॅडमनी छायाचित्रांवरून नजर काढली. त्या वाईट बाई नव्हत्या. “हे बघ,” त्या हळू आवाजात म्हणाल्या, “या पट्ट्यात अशी साठ-पासष्ट तळी आहेत. नऊ नंबरच्या कागदावर उद्या त्या सगळ्यांचा निर्णय होईल. ‘माणसाने आणलं’ असं एकदा लिहिलंस की प्रत्येक ठिकाणी कुणाची तरी घागर निघेल. आणि चुना पडला की ही जात संपली. बशीत जगवता येते, पण तळं बशीत मावत नाही.”

“आणि ‘नैसर्गिक’ लिहिलं तर साठ गावांना पाणी परत मिळणार नाही.”

“तेही खरं आहे,” मॅडम म्हणाल्या. “मला तुझ्या जागी बसायचं नाहीये.”

बाबा खालची अकरा सोडून द्यायला सांगत होते, मॅडम वरची घागर. दोघांचेही म्हणणे अर्धे खरे होते, आणि दोघांनाही तिच्याकडून फक्त एक गोष्ट न लिहिण्याची अपेक्षा होती. पुढचे तीन दिवस आचलने रोजची मोजणी केली, काठावर गेली, तबकडी सोडली, आकडे लिहिले. चार वर्षे चुकीचे नाव लिहिले गेले, ते डोळ्याला दिसत नव्हते म्हणून. ती चूक होती. आता जे लिहायचे ते दिसत असताना लिहायचे होते. गोंधळ काही मिटला नाही. पण गोंधळ आपल्या डोक्यातला नसून त्या पाण्यातलाच आहे, आणि तो जसाच्या तसा कागदावर जायला हवा, एवढे तिला तिसऱ्या दिवशी काठाला नाव बांधताना उमगले. त्याची किंमत सात वर्षे होती, आणि ती तिच्या खिशातून जाणार नव्हती. हा भाग काही केल्या बरोबर बसत नव्हता. म्हणून तिने ठरवले की पत्र आधी कोसंब्यात वाचायचे.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी दुपारी सोसायटीच्या शेडमध्ये सभा भरली. आचल उभी राहिली. तिने उगमपत्राचे निवेदन फोनवरून वाचायला घेतले. ते तिने मराठीत, जमेल तितक्या साध्या शब्दांत लिहिले होते.

“या तळ्यातला प्राणी दोन मुळांचा आहे. एक मूळ तळ्यात २०२४ पूर्वीपासून होते. ते कुठून आले, हे मला माहीत नाही. दुसरे मूळ कोसंबा गावच्या बोडीतले आहे. ते केवळराम आत्माराम मारबते यांनी एकोणीस वर्षे दर अमावस्येला एक, याप्रमाणे २२८ घागरी पाणी गाळासह ओतल्यामुळे येथे आले. केवळराम मारबते माझे वडील आहेत. एक मूळ धरून दुसरे सोडावे असा कोणताही आधार मला सापडलेला नाही.”

ती थांबली. “म्हणून मी ‘अस्पष्ट’वर खूण करणार आहे.”

“अस्पष्ट म्हन्जे सात वर्स,” गोपिकाकाकू म्हणाल्या.

“सात वर्षं. चुना पुढच्या खाणीवर जाईल.”

“हे सांगाले आली इथं? फोन करून टाकतीस.”

“तोंडानं सांगायचं होतं, काकू.”

“तुह्या बापानं तुले शिकवलं, तवा आमी म्हनलं, पोरगी आपल्या कामी येईन.” काकूंचा आवाज चढला नाही, उलट बसला. “शिकली बाप्पा. लय शिकली.” त्या उठल्या, पदर झटकला आणि बाहेर गेल्या. त्यांच्यामागून आणखी आठ-दहा जण. चपला शोधण्याचा आवाज बराच वेळ येत राहिला. आचल उभीच होती.  बाबा जागचे हलले नव्हते. ते जमिनीकडे पाहत बोटांवर काहीतरी मोजत होते.

“ते माह्यावालं वाक्य पुन्हा वाच,” ते म्हणाले.

“कोणतं?”

“घागरीचं.”

तिने वाचले. एकोणीस वर्षे, दर अमावस्येला एक, याप्रमाणे २२८.

“चुकलं.”

“एकोणीस गुणिले बारा, बाबा.”

“बारा कायचे? अधिक महिने धरलेच नाईस तू. एकोनीस वर्सांत सात अधिक आले. त्याच्या अवसा कोन ओतल्या? सरकारनं?” शेडमध्ये उरलेल्यांपैकी कुणीतरी खुदकन हसले. केवळरामांनी मान वर केली. त्यांच्या डोळ्यांत राग होता, आणि त्याच्याबरोबर दुसरे काहीतरी होते. “दोनशे पस्तीस. एकबी सुटली नाई. तापात गेलो, तुही माय गेली त्या महिन्यातबी गेलो. लिवाचंच हाय तं पुरं लिव.”

“पुरं लिहिलं की सात वर्षं, बाबा.”

“आयकलं मी.”

ते खांबाला धरून उठले, खांद्यावर पंचा टाकला आणि तिच्याकडे न पाहता बोडीच्या वाटेला लागले.

आचल शेडच्या पायरीवर बसली. तिने २२८ खोडून २३५ केले. सात वर्षांनी कोणी तपासायला आले तर त्यांना हाती लागावे म्हणून गाभ्याचे थर, अकरा प्राण्यांची नोंद आणि बोडीचा नमुना अशा तिन्ही गोष्टी पत्राला जोडल्या. मग तिसऱ्या चौकटीत खूण केली, सगळे पुन्हा एकदा पहिल्यापासून वाचले आणि पत्र पाठवले.